पाठमोरा काळवीट

माझ्या जुन्या आल्बममध्ये काळविटांचे २७ फोटो आहेत. त्यांपैकी २३ फोटोंत काळवीट पाठमोरा आहे. पाहुण्यांना आल्बम दाखविताना आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "ह्यांचा नि हरणांचा परिचय हा असा, मागच्या बाजूने!"

दोष कॅमेऱ्याचा, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. म्हणून मोठी लेन्स घेतली. काळवीट मोठा दिसू लागला, पण पाठमोराच!

शहाणपण आले ते रेहेकुरीला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आतले. काळविटाची सारी भिस्त डोळ्यांवर. उघड्या माळावर दोन पायांची आकृती चालून येताना दिसली, की तो पाठ फिरविणारच. तेव्हा आपण जाऊ नये, बसावे. मळखाऊ कपडे घालून, झुडपाच्या आडोशाने, सूर्य पाठीशी ठेवून बसावे. नशीब असेल तर कळप चरत चरत आपणच जवळ येतो.

बसण्याचा आणखी एक लाभ आहे. उभ्याने काढलेल्या फोटोत जनावर जमिनीला चिकटल्यासारखे दिसते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, की मागचे गवत धूसर होते आणि ते उठून दिसते. नराची पाठ काळी, पोट पांढरे. दुपारच्या रखरखीत उन्हात दोन्ही नीट उतरत नाहीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात उतरतात. फोकस डोळ्यावर धरावा. उडी टिपायची तर शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यावर ठेवावे, आणि चौकटीत जनावराच्या पुढे थोडी जागा सोडावी.

हे सारे धडे गिरवून एका सकाळी मी गवतात पोटावर पडलो होतो. एक मादी समोर उभी राहून सारखी माझ्याकडे बघत होती. पळत नव्हती, जवळही येत नव्हती. मी हर्षभराने फोटोंवर फोटो काढीत सुटलो. पाऊण तास झाला. तेवढ्यात बरोबरचा वनरक्षक हलकेच म्हणाला, "सायेब, आता उठा. तिचं पाडस हाये हितंच गवतात. आपण हाय तवर ती पाजायला यायची न्हाई."

माझा चेहरा उतरला. हरिणी पाडसाला गवतात लपवून दूर चरते, हे मी वाचले होते. पण ऐन वेळी आठवला तो फक्त फोटो. पाऊण तास ते पिलू माझ्यापायी उपाशी होते!

आम्ही वाकून मागे सरलो, बरेच दूर गेलो. मग मादी आली. गवतातून दोन कान वर उठले. मी एकच फोटो काढला.

त्यात पिलू जेमतेम ठिपक्याएवढे आहे आणि मादी पाठमोरी. पण ती पळत नाही, उभी आहे. आल्बममध्ये तो फोटो मी पहिल्या पानावर लावला आहे.