चार वाजताचा मूड, आठ पानांत

रमजानमध्ये दुपारी चारनंतर मगरिबच्या अजानपर्यंत आमच्या घरात कुणी कुणाला फार प्रश्न विचारत नाही. डोकं जड, घसा कोरडा, आणि भज्यांच्या पिठात मीठ पडलंय की नाही हे सांगायला घरातलं सगळ्यात लहान पोर शोधावं लागतं. अशा वेळी प्रत्येकाने आपापला मूड आपल्याजवळ ठेवायचा, हा आमचा न बोलता झालेला करार. यंदा माझ्या भाचीने तो मोडला.

ती नववीत आहे. तिची नानी, म्हणजे माझी अम्मी, मागच्या बकरी ईदनंतर गेली. तेव्हापासून पोरीची उत्तरं 'हो', 'नाही' आणि 'ठीक आहे' एवढ्यावर आली होती. बहीण फोनवर म्हणायची, "आपा, तू तरी विचार ना हिला." मी विचारलं. "काही नाही, खालाजान," एवढंच हाती लागलं. आता वाटतं, प्रश्नच चुकीचा होता. 'काय झालंय?' या प्रश्नाला मोठं उत्तर लागतं आणि तिच्याकडे लहान लहान उत्तरं होती.

तिसऱ्या रोज्याला तिने माझ्या हातात पत्त्याच्या पानापेक्षा थोडी मोठी एक वही ठेवली. एकाच ए-फोर कागदाची, आठ पानांची, ना टाका ना पिन. चित्रकलेच्या बाईंनी वर्गात शिकवलं होतं. याला म्हणतात झीन.

शब्द 'मॅगझीन'चं शेपूट आहे. 1930च्या सुमारास अमेरिकेत विज्ञानकथांचे वेडे वाचक स्वतःच पत्रिका काढून एकमेकांना पाठवू लागले. चाहत्यांचं मासिक म्हणून पुढे त्यांना 'फॅनझीन' नाव पडलं. 1976 मध्ये लंडनच्या मार्क पेरी या बँकेतल्या तरुण कारकुनाने पंक संगीतावर 'स्निफिन ग्लू' काढलं; मथळे स्केचपेनने लिहिलेले आणि प्रती झेरॉक्सच्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मुलींनी आपला राग, आपलं शरीर, आपली भीती यांवर झीन काढली. संपादक नाही, परवानगी नाही, आणि नफ्याचा तर प्रश्नच नाही.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या मंडळींचं 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच निघायचं. आणि शाळेतलं हस्तलिखित आठवतं ना? सुवाच्य अक्षरवाल्या मुलींना कामाला लावून काढलेलं, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित झालेलं आणि नंतर कपाटात बंद झालेलं. माझीही एक कविता तशा कपाटात आहे, पावसावरची. पाऊस मला तेव्हा मुळीच आवडत नव्हता, पण हस्तलिखितात 'आज मला कंटाळा आला' असं लिहायची सोय नव्हती. झीनमध्ये ती आहे.

कागद आडवा धरून लांबीत एक घडी घालायची, मग रुंदीत दोनदा. उघडला की आठ चौकोन दिसतात. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकोनांच्या लांबीएवढी चीर द्यायची, कागद पुन्हा लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची. मधे चौकट उघडते, ती मिटली की वही तयार. मख्खी एकच: सपाट कागदावर वरची ओळ उलटी काढावी लागते. भाचीला हे पहिल्या प्रतीत लक्षात राहिलं नाही. निम्मी पानं डोक्यावर उभी राहिली. तिने कागद फाडला नाही. मुखपृष्ठावर लिहिलं, 'आज सगळं उलटं आहे.' मला ते तिचं सगळ्यात खरं मुखपृष्ठ वाटतं. चित्र काळ्या पेनाने काढावं, झेरॉक्समध्ये पेन्सिल फिकी येते. कडेला बोटभर जागा सोडावी, नाहीतर यंत्र काठ खातं. इतकंच.

तर तिची पानं. सहेरी: चहाचा कप, त्याला दोन अर्धवट मिटलेले डोळे. दुसरा तास: फळ्यावर पाण्याचं रासायनिक सूत्र, आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघतोय. दुपारचे चार: शिटीवर आलेला कुकर, त्याला माझ्या बहिणीची नथनी, शेजारी एक झाकण, त्याखाली 'मी'. इफ्तारला पाच मिनिटं: आम्ही घड्याळाकडे बघतोय आणि ताटातली भजी आमच्याकडे. इफ्तारनंतर: तांदळाचं पोतं. त्यावरही 'मी'.

सातव्या पानावर दस्तरखान होता. त्यावर स्टीलचा एक ग्लास, कडेला पोचा आलेला. शब्द एकही नाही. तो ग्लास अम्मीचा. रोजा त्यातल्याच पाण्याने सोडायची, दुसरा दिला तर परत करायची. अम्मी गेल्यावर तो माळ्यावर कुणी ठेवला, हे आमच्यात कधी निघालं नव्हतं. मीच ठेवला होता.

मनातलं कागदावर उतरवल्याने काय होतं, याचा अभ्यास जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला आहे. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या जखमांविषयी लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ते दवाखान्यात कमी गेले. अर्थात झीन हे औषध नाही, आणि खरोखर खचलेल्या मुलाच्या हातात कागद-पेन देऊन मोठ्यांनी हात झटकू नयेत. पण चिडचिड, कंटाळा, उगाच भरून येणं यांच्यासाठी दवाखाना नसतो. फोनवर टाकावं तर किती जणांनी पाहिलं याची मोजणी सुरू होते. झीन ज्याच्या हातात दिली त्यानेच पाहिली.

तिने पाच प्रती काढल्या, दहा रुपयांत. शेवटचं पान सगळ्यांत कोरं होतं, वर फक्त 'तुमचा मूड इथे काढा'. भावाने झोपलेला माणूस काढला. अब्बांनी चष्मा लावून बराच वेळ विचार केला आणि तारीख घालून सही केली. त्यांना कागद म्हटलं की सहीच सुचते. बहिणीने आपली प्रत परतच दिली नाही. "मला कुठे चित्र येतं," म्हणाली.

आठवड्याने मी तिच्याकडे गेले. पीठ चाळताना डब्यामागे ती वही दिसली, कोपऱ्याला तेलाचा डाग. शेवटच्या पानावर निळ्या बॉलपेनने एक वेडावाकडा कुकर होता, झाकण काढून बाजूला ठेवलेला. खाली बहिणीच्या अक्षरात: 'मलाही आठवते.'

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून ग्लास काढला आणि घासून दस्तरखानावर ठेवला. भाचीने तो आपल्याकडे ओढला, मग बहिणीकडे सरकवला. अजान व्हायला दोन मिनिटं होती, आणि भजी आमच्याकडे बघत होती.