दुकानं २४ तास उघडी ठेवता येतात, मग रात्री रस्ते ओस का पडतात?

राज्य सरकारने १ ऑक्टोबर २०२५ ला जीआर काढून स्पष्ट केलं, की दारूविक्रीची ठिकाणं सोडली तर दुकानं, हॉटेलं २४ तास उघडी ठेवता येतात. ही मुभा मुळात २०१७ च्या कायद्यातच आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरात रात्री बहुतेक शटर खाली का?

कारण परवानगीने दुकान उघडतं, गिऱ्हाईक येत नाही.

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज पाहा. खाली दुकान, वर घर, मागे गल्ली. बाजार बंद झाला तरी माणसं तिथंच असतात. रमजानमध्ये तर बुढी लेन पहाटेपर्यंत जागी असते. मुंबईच्या नरिमन पॉइंटला उलटं घडतं. ऑफिसं सुटली की माणसं लोकल पकडून घरी जातात, गल्ल्या सुनसान होतात.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हेच सांगितलं होतं: वस्ती असेल तर रस्त्यावर कुणाची ना कुणाची नजर असते आणि रस्ता सुरक्षित राहतो.

म्हणून मुद्दा फक्त शटरचा नाही. रात्रीची शिफ्ट संपवून घरी निघालेल्या मुलीला रस्त्यावर दिवे, बस आणि माणसं लागतात. ती नसतील, तर जीआर कागदावरच राहील.