औरंगजेबाच्या वादाचा शंभर वर्षांचा मागोवा

औरंगजेब हिंदूंशी कसा वागला, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गारगोटीत नवा नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत, एसटी स्टँडवर, सणावारी जमलेल्या पाहुण्यांत तो निघतोच. कुणी म्हणतो, त्याने देवळे पाडली. दुसरा म्हणतो, त्याच्या पदरी हिंदू सरदार किती होते ते बघा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वाद तिथेच अडतो.

या वादाला अभ्यासाचा पाया दिला इतिहासकार जदुनाथ सरकारांनी. 1912 ते 1924 या काळात त्यांचे औरंगजेबावरचे पाच खंड आले. फारसी अखबार आणि पत्रे चाळून त्यांनी बादशहाचे धोरण तारीखवार मांडले. 1665 मध्ये हिंदू व्यापाऱ्यांवर मुसलमानांच्या दुप्पट जकात बसली. 1669-70 मध्ये काशीचे विश्वेश्वर आणि मथुरेचे केशवदेव ही मंदिरे पाडली गेली. 1679 मध्ये बिगर-मुसलमानांवरचा जिझिया कर पुन्हा लागू झाला.

मग 1966 मध्ये इतिहासकार अथर अली यांनी मोगल मनसबदारांची, म्हणजे दर्जा मिळालेल्या सरदारांची, मोजदाद मांडली. हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत हिंदू औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांत सुमारे 21.6 टक्के होते, तर 1679 नंतर ते 31.6 टक्क्यांवर गेले. तेव्हापासून हा आकडा औरंगजेबाच्या बाजूने ढालीसारखा पुढे केला जातो.

पण साल नीट पाहा. ज्या 1679 मध्ये जिझिया आला, तिथूनच हा वाढीचा काळ मोजलेला आहे. ही वाढ मुख्यतः मराठ्यांमुळे झाली. दख्खन जिंकायचे तर मराठा सरदार फोडणे भाग होते, म्हणून मनसबी वाटल्या गेल्या. शिवाय सरकारी नोकरांना जिझिया माफ होता. सर्वांत गरीब गटातल्या रयतेला मात्र वर्षाला तीन रुपयांहून थोडे अधिक भरावे लागत, म्हणजे मजुराची जवळपास महिन्याची कमाई. दरबारातला राजा आणि शेतातला कुणबी एकाच धर्माचे होते, पण बादशहाचे राज्य दोघांच्या वाट्याला वेगवेगळे आले.

आपल्याच मुलखात हे दिसते. 1702 मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात औरंगजेबाच्या बाजूने अंबरचा कोवळा राजा जयसिंह लढला आणि आतून मराठ्यांच्या बाजूने परशुराम त्र्यंबकांनी गड झुंजवला. नेसरीच्या खिंडीत 1674 मध्ये मराठ्यांचे सेनापती प्रतापराव गुजर पडले. पुढे त्यांचाच मुलगा खंडेराव मोगलांच्या कैदेत होता आणि कैदेतल्याच संभाजीपुत्र शाहूंवरचा धर्मांतराचा प्रसंग टळावा म्हणून तो स्वतः मुसलमान झाला. गारगोटीहून नेसरी काही फार लांब नाही. हिंदू मनसबदारांचा आकडा सांगताना खंडेरावालाही आठवावे लागते.

अलीकडच्या काळात याच कोल्हापूरने या इतिहासाकडे पाहण्याची दुसरी वाटही दाखवली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तकातून सांगितले, की शिवाजी महाराजांच्या आणि मोगलांच्या लढाया राज्यासाठी होत्या आणि दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसे होती. हे म्हणणे मला पटते, पण जिझियाचा अन्याय त्यामुळे पुसला जात नाही.

7 जून 2023 रोजी समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद केले गेले. 17 मार्च 2025 रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटले. जदुनाथ सरकारांनी कागद चाळून मांडलेला प्रश्न आता मोबाइलवरच्या एका चित्रावरून पेटतो आणि त्याची झळ हातावर पोट असलेल्या गाडेवाल्याला बसते.

1707 मध्ये मेलेल्या बादशहाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हा उघड अन्याय आहे आणि तो हिशेबच लपवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे. भुदरगड तालुक्यातल्या शाळांनी मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवावे : मनसबदाराला काय मिळाले आणि कुणब्याला काय भरावे लागले? दोन्हींची उत्तरे एकत्र मांडणारा विद्यार्थी औरंगजेबाचा गौरव करणार नाही आणि त्याच्या नावाने कुणाच्या दुकानावर दगडही उचलणार नाही.