घरावरचे सोलार : फुकट किती आणि पदरचे किती?



ऊसनोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना हल्ली आम्हाला उसाइतकीच विचारणा सोलारची होते. बेणे कोणते घ्यावे, खोडव्याला खत केव्हा टाकावे, हे विचारून झाले की घरधनी हळूच म्हणतो, "साहेब, पोरगं म्हणायलंय घरावर सोलार फुकट हाय. बसवून टाकावं का?" आमच्या चिटबॉयलाही हाच प्रश्न, शेतकी मदतनिसालाही हाच. आता आम्ही काही वीज मंडळाचे अधिकारी नव्हेत. आमचे शिक्षण शेतीच्या पदविकेचे. परंतु हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम आहे आणि घरावरच्या सोलारचा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे. म्हणून हा लेख.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बरेच सभासद शेतातली वीज आणि घरची वीज एकाच दावणीला बांधतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची राज्य शासनाची योजना एप्रिल २०२४ पासून सुरू आहे आणि तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत ठरली आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही आणखी वेगळी योजना. या दोन्हींचा घराच्या मीटरशी काडीचाही संबंध नाही. येथे चर्चा आहे ती घराच्या स्लॅबवर बसणाऱ्या सोलारची, म्हणजे केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' हिची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती जाहीर झाली. देशातील एक कोटी घरे हे उद्दिष्ट, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत.

योजनेच्या नावात 'मुफ्त' आहे, आणि गैरसमज तेथूनच सुरू होतो. फुकट म्हटले आहे ते विजेला, पॅनलला नव्हे. केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. त्यापुढे दहा किलोवॅट बसवले तरी अनुदान तेवढेच. सरकारने हा आकडा काढताना किंमत धरली ती पहिल्या दोन किलोवॅटला ५० हजारांप्रमाणे आणि तिसऱ्याला ४५ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला १ लाख ४५ हजार. त्यातून ७८ हजार वजा जाता ६७ हजार रुपये आपल्या पदरचे. बाजारात विक्रेते याहून चढे दर सांगतात. तो फरकही आपल्याच खिशातला. शिवाय अनुदान जमा होते ते संच बसून, तपासणी होऊन, मीटर चालू झाल्यावर. तोवर पैसा आपला, नाहीतर बँकेचा.

मग 'एक रुपया देऊ नका' म्हणणारा दारी येतो तो काय करतो? बहुधा तो बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही घेतो. या योजनेसाठी तारणाशिवाय आणि तुलनेने कमी व्याजाचे कर्ज मिळते, ही सोय चांगलीच आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण ते कर्ज आहे. हप्ता थकला तर नाव तुमचे थकबाकीत जाते आणि पुढच्या वर्षी पीककर्जाला गेलात की बँकवाला संगणकावर तेच नाव काढून दाखवतो. उसाचे बिल दोन टप्प्यांत येणाऱ्या माणसाने दरमहा हप्त्याचे कर्ज घेताना दूध-दुभत्याचा किंवा पगाराचा महिन्याचा पैसा घरात येतो का, एवढे तरी पाहावे.

खऱ्या अर्थाने जवळपास फुकट म्हणता येईल अशी सवलत गरिबांसाठी आहे. राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्मार्ट' या नावाने, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप या योजनेतून, दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या अनुदानावर आपली भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ५० हजारांपैकी अवघे अडीच हजार भरावे लागतात. कमी वापराच्या इतर घरांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना पाच हजार आणि सर्वसाधारण गटाला दहा हजार. आपल्या फडांत काम करणाऱ्या अनेक कुटुंबांना हे लागू होते, पण त्यांच्या कानापर्यंत ते पोचत नाही. सभासदांनी आपल्या सालगड्यांना, वाटेकऱ्यांना हे जरूर सांगावे.

आता हिशेब. मराठवाड्यात ऊन भरपूर. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे, महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिटे देतो. आम्ही हिशेबाला शंभरच धरतो. उताऱ्याचा अंदाज कमी धरलेला बरा. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर पाहिले तर पहिली शंभर युनिटे वहन आकारासह सहा रुपयांच्या आत पडत, आणि शंभराच्या पुढचे युनिट साडेअकरा रुपयांच्या आसपास. वर स्थिर आकार सव्वाशे-दीडशे, आणि सोळा टक्के वीज शुल्क. दर पुढे-मागे होतात, पण ही पायरी लक्षात ठेवा. सगळे गणित या पायरीवर आहे.

धरा, एका सभासदाच्या घरी दोन भाऊ, फ्रिज, पिठाची घरगुती गिरणी, बोअरची मोटर, उन्हाळ्यात कूलर असा महिन्याला अडीचशे युनिटे वापर आहे. त्याचे बिल वरच्या दराने सुमारे २,८०० रुपये येते. दोन किलोवॅट बसवले तर शंभराच्या हिशेबाने दोनशे युनिटे कापली जातात आणि उरलेल्या पन्नासाचे बिल पाचशेच्या आसपास. महिन्याला २,३०० वाचले, वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार. पदरचे ४० हजार गेले असले तर दीड वर्षात फिटले. विक्रेत्याने ७० हजार घेतले असले तरी अडीच वर्षात. पॅनल पंचवीस वर्षे टिकतात असे धरतात, मधे एकदा-दोनदा इन्व्हर्टर बदलावा लागेल. असा सौदा शेतीत आम्हाला दुसरा दाखवावा. ठिबकसुद्धा इतक्या लवकर पैसे फेडत नाही.

आता दुसरे घर घ्या. म्हातारा-म्हातारी दोघेच, पोरे पुण्याला. दोन बल्ब, एक पंखा, टीव्ही. चाळीस युनिटे. बिल सव्वाचारशेच्या आसपास, त्यातही दीडशे रुपये स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क, जे सोलार बसवूनही सुटत नाही. म्हणजे वाचणार महिन्याला पावणेतीनशे. स्मार्ट योजनेतून दहा हजारांत एक किलोवॅट मिळाला तर तीन वर्षांत पैसे वसूल, ठीक आहे. परंतु याच घरावर कोणी तीन किलोवॅटचा संच चढवून गेला तर ती निव्वळ फसगत. "उरलेली वीज सरकार विकत घेतं" असे एजंट सांगतो. घेते, हे खरे. पण महिन्यामागून महिना पुढे ओढून आर्थिक वर्षाअखेर जी युनिटे शिल्लक राहतात त्यांना मिळणारा दर आपण भरतो त्या दराच्या मानाने फारच कमी. घराचे सोलार हे स्वतःची वीज वाचवण्यासाठी आहे, वीज विकण्यासाठी नव्हे. विकायचा धंदा कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांना शोभतो. त्यांचा बगॅस आहे, टर्बाइन आहे, करार आहे.

सहवीज प्रकल्प पाहिलेल्या सभासदांना मीटरचे कोडे पटकन कळते. दिवसा घरात न वापरलेली वीज तारेवरून बाहेर जाते, रात्री आपण तारेवरून आत घेतो, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन बिल निघते. यालाच नेट मीटर म्हणतात. सोलारमध्ये वीज साठत नाही. ती साठते महावितरणच्या खात्यात, वहीत जमा व्हावी तशी.

आणि यातूनच ती गोष्ट निघते जी एजंट बहुधा सांगत नाही. लाईट गेली की हा संचही बंद पडतो! दुपारी बाराचे लखलखीत ऊन असले तरी. कारण सोपे आहे : तारेवर लाईनमन काम करीत असताना तुमच्या घरातून वीज उलटी गेली तर तो पोळून मरेल. म्हणून तारेत वीज नसताना इन्व्हर्टर आपोआप थांबतो. एका सभासदाने आम्हाला रागानेच विचारले, "मंग आमी घेतलंच कशाला? आमच्याकडं तर दिवसा लाईट राहतच न्हाई." त्यांच्या रागात तथ्य आहे. ज्या गावी दिवसा तासन् तास वीज जाते, तेथे तेवढे तास पॅनल नुसते ऊन खातात. बॅटरी जोडता येते, पण तिचा खर्च वेगळा आणि अनुदानाच्या हिशेबात तो बसत नाही. डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज फार वर-खाली होत असेल तरीही इन्व्हर्टर वारंवार तुटतो. सबब आपल्या गावठाण फीडरवर दिवसा वीज किती तास असते, हे आधी आठवडाभर लिहून ठेवा. सोलार घेण्याआधीची ही पहिली चाचणी. माती परीक्षणासारखीच समजा.

छपराकडे येऊ. लातूर-नांदेडच्या जुन्या गावांत अजून माळवदाची घरे आहेत, दगड-मातीच्या भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात याच मातीच्या भाराखाली हजारो माणसे गेली, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पॅनल तसे हलके, एकेक पंचवीस-तीस किलोचा. भीती वजनाची कमी आणि वाऱ्याची जास्त. वळवाच्या वादळात पॅनल शिडासारखा वारा धरतो. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये बोल्ट पकडतो, मातीत पकडत नाही, आणि माळवदाला भोके पाडली की पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरलेच म्हणून समजा. माळवदावर सोलार घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. पत्र्याचे छत असेल तर खालच्या कैच्या आणि अँगल गंजलेले नाहीत ना, हे गावच्या जाणत्या वेल्डरला दाखवा. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेली आणि पुढे घरकुलात बांधलेली काँक्रीटची घरे मात्र या कामाला योग्य. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दक्षिणेला लिंब किंवा पाण्याची उंच टाकी असेल तर तिची सावली हिवाळ्यात किती लांब पडते ते पाहून घ्या. पॅनलच्या कोपऱ्यावरची सावलीही बरीच वीज खाते.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हाही एक समज. पॅनलला उजेड हवा, तापणे नको. मे महिन्यात नांदेडला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की पॅनल त्याहून कितीतरी जास्त तापतात आणि उत्पादन उलट मार खाते. फेब्रुवारी-मार्च हे चांगले महिने. अर्थात त्याच महिन्यांत गारपीटही येते. २०१४ ची गारपीट द्राक्ष-गहूवाले विसरलेले नाहीत. पॅनलची काच जाड आणि कणखर असते, तरी विमा विचारून घ्यावा.

धुळीचे काय? आपल्या भागात गळीत हंगामात रस्त्याची धूळ आहे, आणि पाचट जाळल्याची काळी राख आहे. (पाचट जाळू नका हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो, आता निदान शेजाऱ्याच्या पॅनलसाठी तरी ऐका.) हंगामात आठ-पंधरा दिवसांनी पॅनल पुसावेत, तेही सकाळी गार असताना. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघता निघत नाहीत, म्हणून मऊ कापड आणि थोडे गोडे पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाणी जपून वापरा हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता पॅनल खरोखरच फुकट देऊ म्हणणाऱ्या कंपन्यांकडे. हा प्रकार नवा नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून घरच्या सोलारच्या प्रत्येक युनिटमागे सरकारने ठरवलेली रक्कम पंचवीस वर्षे मिळू लागली. लगेच कंपन्या पुढे आल्या : पॅनल आमचे, छप्पर तुमचे, दिवसा वीज तुम्हाला फुकट. घरमालकांनी सह्या केल्या. पण युनिटमागची रक्कम, म्हणजे खरी मलई, कंपनीला जात होती, आणि छप्पर पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यात अडकले होते. पुढे घर विकायला काढले तेव्हा काहींच्या घरावर कर्ज द्यायला सावकारी संस्था का-कू करू लागल्या. ती योजना मार्च २०१९ अखेर नव्या ग्राहकांसाठी बंद झाली, पट्टे मात्र चालूच राहिले. आपल्या केंद्राच्या योजनेतही कंपनीने स्वतःच्या खर्चाने संच बसवण्याची तरतूद आहे. त्यात किमान पाच वर्षे मालकी कंपनीची राहते. रोख अजिबात नसलेल्या कुटुंबाला हा मार्ग वाईट नाही. पण मालकी कोणाची, किती वर्षे, अनुदान कोणी घेतले, मधे माळा चढवायचा झाला तर पॅनल कोण उतरवणार, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. दहा-पंधरा वर्षांनी पोरांच्या वाटण्या होतील तेव्हा त्या छपराचा मालक कोण, हा प्रश्न उभा राहणारच आहे.

वाटण्यांवरून आठवले. आमच्या पाहणीत सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावर. घराचे लाईट बिल अजून आजोबांच्या नावाने, आधार नातवाचे, बँक खाते सुनेचे. वारस नोंद सातबाऱ्यावर झाली, मीटरवर कोणी केलीच नाही. अनुदान ज्याच्या नावे वीजजोडणी त्याच्याच नावे मिळते. तेव्हा आधी मीटरवरचे नाव बदलून घ्या, मग अर्ज. विक्रेता योजनेच्या यादीत नोंदलेला असावा आणि पॅनल देशी बनावटीचे असावेत, नाहीतर अनुदान नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, ती कागदावर घ्यावी.

ज्या सभासदांना आपला हिशेब पडताळायचा आहे त्यांनी मागील बारा महिन्यांची लाईट बिले घेऊन गट कार्यालयात ऊसनोंदीच्या दिवशी यावे. उन्हाळा आणि पावसाळा दोन्हींची बिले हवीत, एका महिन्याच्या बिलावर किलोवॅट ठरत नाहीत. विक्रेत्याने लेखी दरपत्रक दिले असेल तर तेही सोबत आणावे. तोंडी दर आम्ही हिशेबात धरणार नाही.