एलव्हीएम-3 : जमीन सोडतानाचा हिशेब

आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधल्या श्रीहरिकोटा बेटावरून इस्रोचा एलव्हीएम-3 हा प्रक्षेपक झेपावतो, तेव्हा सुमारे 640 टनांचा भार जमिनीवरून उचलला जातो. मात्र त्यातला फार मोठा भाग यंत्राचा नसून यंत्राने स्वतःबरोबर घेतलेल्या इंधनाचा असतो. 14 जुलै 2023 रोजी याच प्रक्षेपकाने नेलेल्या चांद्रयान-3 चे वस्तुमान जेमतेम 3.9 टन, म्हणजे एकूण भाराच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

प्रक्षेपक हवेला किंवा जमिनीला रेटून वर चढतो, हा समज दीर्घकाळ टिकून होता. निर्वात पोकळीत अग्निबाण चालेल असे मानणाऱ्या रॉबर्ट गॉडर्ड यांची 1920 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने टर उडवली होती आणि त्याची दुरुस्ती त्या वृत्तपत्राने छापली ती 1969 मध्ये, अपोलो-11 चंद्राकडे निघाल्यावर. प्रत्यक्षात इंजिन तप्त वायू प्रचंड वेगाने मागे फेकते, त्या वायूला मिळालेल्या संवेगाइतकाच, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराइतकाच, विरुद्ध दिशेचा संवेग प्रक्षेपकाला मिळतो आणि त्यातून निर्माण होणाऱ्या रेट्याला प्रणोद म्हणतात.

एलव्हीएम-3 च्या बाबतीत हा पहिला रेटा देतात त्या दोन्ही बाजूंच्या एस-200 मोटारी. प्रत्येकीत सुमारे 205 टन घन इंधन असते : अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट आणि या दोहोंना धरून ठेवणारा रबरासारखा बहुवारिक. हे सारे सुमारे 130 सेकंदांत जळत असल्याने दोन्ही मोटारी मिळून दर सेकंदाला सरासरी तीन टनांहून अधिक वायू बाहेर टाकतात. प्रत्येकीचा कमाल प्रणोद सुमारे 5,150 किलोन्यूटन असतो, तर उड्डाणाच्या क्षणी प्रक्षेपकाला खाली ओढणारे गुरुत्वाकर्षणाचे बल सुमारे 6,280 किलोन्यूटन. दोन्ही मोटारींचा एकत्रित प्रणोद आणि हे बल यांतली तफावतच प्रक्षेपकाला वेग देते. प्रणोद वजनाइतकाच असता, तर सारे इंधन जागच्या जागी तरंगण्यात संपले असते, म्हणून वर चढण्यात घालवलेला प्रत्येक सेकंद हा गुरुत्वाकर्षणाला भरलेला कर ठरतो.

घन इंधनाच्या मोटारीला पंप लागत नाहीत आणि तिचा प्रणोद इंधनाच्या आतील पोकळीच्या आकाराने आधीच ठरवलेला असतो, कारण जळणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितका वायू अधिक. या सोपेपणाची किंमतही मोठी आहे : एकदा पेटलेली मोटार विझवता येत नाही, त्यामुळे शंकाकुशंकांचे निरसन पेटवण्याआधीच व्हावे लागते. अशा मोटारींची आवरणे इस्रोला पुरवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखाना आहे, तर मधल्या द्रव इंधनाच्या टप्प्याला लागणारी ‘विकास’ इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्येही तयार होतात.

हा मधला टप्पा जमिनीवर पेटतच नाही, ही या प्रक्षेपकाची खरी लक्षणीय रचना. त्याची दोन इंजिने उड्डाणानंतर दोन मिनिटे पूर्ण होण्याच्या सुमारास, घन मोटारी अजून जळत असतानाच, सुरू होतात, त्यामुळे मध्ये खंड पडत नाही. पण इंजिने नीट पेटली की नाही हे पाहून उड्डाण थांबवण्याची सोय मात्र उरत नाही.

दरम्यान हवेचा विरोधही वाढत जातो. तो हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग वाढतो आणि उंचीबरोबर हवा विरळ होते, म्हणून वाटेत एक टप्पा असा येतो की प्रक्षेपकावरचा हवेचा दाब सर्वाधिक असतो. वाऱ्याने कलणारे धूड सावरण्यासाठी मोटारींची नॉझल, म्हणजे वायू बाहेर पडण्याची तोंडे, किंचित वळवून प्रणोदाची दिशा बदलावी लागते. पूर्वेकडे झेपावताना पृथ्वीच्या परिवलनाचा सेकंदाला सुमारे 450 मीटरचा वेग आयताच मिळतो, पण कक्षेसाठी लागणाऱ्या सेकंदाला पावणेआठ किलोमीटरांपुढे तो थोडाच.

गगनयान मोहिमेत याच प्रक्षेपकाची मानवी उड्डाणासाठी सुधारलेली आवृत्ती वापरायची असल्याने, न विझणाऱ्या मोटारींपासून अंतराळवीरांना क्षणात दूर खेचणारी सुटका यंत्रणा अनिवार्य ठरली, आणि तिची प्रत्यक्ष उड्डाणादरम्यानची पहिली चाचणी 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्यातच, एका वेगळ्या द्रव इंधनाच्या चाचणी वाहनावरून घेण्यात आली.