लाल दिवा विझलेला, बॅटरी उपाशी!

दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे जावं आणि त्यांच्या खुर्चीत बसताच दुखणं गायब व्हावं, असं तुमचं कधी झालंय? आमच्या मामाच्या फियाटचं अगदी तस्संच होतं. रस्त्यात हटकून दगा द्यायची आणि गॅरेजात नेली की शहाण्या मुलासारखी वागायची!

गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा आठवीत होतो आणि नागपूरला धरमपेठेत मामाकडे राहून शिकत होतो. घरात सगळे 'फियाट' म्हणत असले तरी कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो पाहिलेत ना? तीच ही गाडी. (तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.) आमची मात्र पांढरी होती आणि आजोबांनी घेतलेली होती. आजोबा गेले, गाडी राहिली. म्हणून मामाचा तिच्यावर भारी जीव.

त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही आजीला घेऊन रामटेकला गेलो. दर्शन झालं, जत्रा झाली, निघायला रात्र झाली. मनसरपर्यंत रस्ता खड्ड्यांचा. महामार्गाला लागलो आणि हेडलाइट पिवळे पडू लागले. आधी बल्बसारखे, मग कंदिलासारखे, मग काजव्यासारखे! कन्हानच्या अलीकडे मामाने गाडी बाजूला घेऊन बंद केली. पुन्हा सेल्फ मारला, तर नुसतं 'टक्'. समोरून ट्रक धडधडत येताहेत, आजी शाल लपेटून मागच्या सीटवर बसलेली. शेवटी एका टपरीवाल्याच्या भरवशावर गाडी सोडून आम्ही एस.टी.ने घरी आलो. आजी एवढंच म्हणाली, "विकून टाक रे ती. माणसापेक्षा गाडी मोठी नाही."

मामा काहीच बोलला नाही.

खरं तर ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी एका दुकानदाराने सांगितलं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. महिन्याभरात तीही उतरली. दुसऱ्याने सांगितलं, "आल्टरनेटर खराब." तो उघडला, आतले कार्बन बदलले, पैसे घेतले. आणि आता हे!

आता आल्टरनेटर म्हणजे काय ते सांगतो. बॅटरी ही गच्चीवरची टाकी समजा. सेल्फ मारला की टाकीतलं बरंच पाणी एका दमात जातं. इंजिन सुरू झालं की फॅनबेल्टवर फिरणारा आल्टरनेटर पंपासारखा टाकी पुन्हा भरतो, शिवाय दिवे, हॉर्न, वायपर यांनाही पुरवतो. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवलं की वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. त्यावरच हे यंत्र चालतं. जुन्या फियाटमध्ये आधी डायनामो असायचा. आमच्या गाडीला तो काढून कुणीतरी आल्टरनेटर बसवला होता.

पंप बंद पडला तर कळावं म्हणून डॅशबोर्डवर एक लाल दिवा असतो. त्याच्या एका टोकाला बॅटरीची वीज, दुसऱ्या टोकाला आल्टरनेटरची. दोन्हीकडे दाब सारखा असला की दिवा विझतो. आल्टरनेटर वीज देईनासा झाला की पेटतो. आणि आमचं कोडं इथेच होतं. कन्हानच्या त्या रात्री लाल दिवा एकदाही पेटला नव्हता!

कॉटन मार्केटजवळ कडुलिंबाखाली एक इलेक्ट्रिशियन काका बसायचे. मामाने गाडी तिथे नेली. काकांनी मीटर लावला. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट! म्हणजे सगळं ठणठणीत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "न्या गाडी." काका म्हणाले, "भाऊ, आता तर काहीच बिघडलं नाही. मंग मी पाहू काय? बिघडते तवाच मोजा लागते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोट्ट्या, एक वही कर. कव्हा बिघडली, लाइट चालू होते का, रस्ता कसा होता, सारं लिहून आण."

मी पंधरा दिवस लिहिलं. मामाला वाटलं मी अभ्यास करतोय! वही घेऊन गेलो तेव्हा काकांनी दोन ओळींखाली रेघ मारली. एक, 'लाइट मंद, पण इंजिन नीट चालू.' दुसरी, 'खड्ड्यांच्या रस्त्यानंतरच.' मग त्यांनी एक भलताच प्रश्न विचारला. "सेल्फ मारल्यावर चोकची मूठ कधी गरम लागली का रे?"

लागली होती! एकदा माझा हात चटकन मागे आला होता. पण असलं कुणी लिहितं का? मी तरी नव्हतं लिहिलं.

त्या रविवारी काकांनी आपला जिवापाड जपलेला मीटर आम्हाला दिला. देण्याआधी एका चांगल्या बॅटरीला लावून तो बरोबर दाखवतो ना, हे बघितलं. (हे महत्त्वाचं बरं का! २०२४च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं, सेन्सरच बिघडला होता.) मीटरच्या वायरी फ्यूजच्या पेटीला जोडून मी पुढच्या सीटवर बसलो. मामाने हेडलाइट लावून गाडी तेलंगखेडीच्या बाजूला काढली. डांबरी रस्त्यावर १४.१. १४.१. पुन्हा १४.१. मग एक उखडलेला तुकडा आला, गाडी गदगदली आणि आकडा धाडकन १२.३ वर! मी ओरडलोच, "मामा, पडला!" लाल दिवा? विझलेला.

मामाने इंजिन बंद न करता गाडी तशीच हळूहळू काकांकडे नेली. आकडा अजून १२.३ वरच होता. काकांनी बोनेट उघडलं. आल्टरनेटरवर थेट मोजलं तर १४.२. म्हणजे पंप चांगला, टाकीपर्यंत पाणी येत नाही. मग मीटरची एक वायर आल्टरनेटरच्या प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. फरक फक्त ०.१. ठीक. मग एक वायर आल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. १.८! काका हसले. "सापडला चोर. इथं पॉइंट दोनच्या वर जायलेच नाही पाहिजे."

इथे पाण्याचं उदाहरण पुरत नाही. पाणी टाकीत पडलं की काम झालं. विजेला मात्र परत जायची वाटही लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे पत्र्याची बॉडी आणि इंजिनचं लोखंड. पण इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. काकांनी कोरड्या लाकडी काठीने ती हलवली. आकडा नाचू लागला! इंजिन बंद करून पट्टी काढली. तेल-धुळीच्या थराखाली ती हिरवी-काळी पडलेली, बहुतेक तारा तुटलेल्या. खड्ड्यात इंजिन हललं की उरलेल्या तारांचा स्पर्श सुटायचा. गॅरेजात गाडी स्थिर असली की पुन्हा जुळायचा!

विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम असतो ना, १८२७ सालचा? तो इथे लावा. पट्टीचा अडथळा ०.१ ओहम आणि तिच्यातून जाणारी वीज १८ अँपियर धरा. गुणाकार १.८ व्होल्ट. एवढ्याशा अडथळ्याने १४.२ मधले १.८ खाल्ले, बॅटरी उपाशी! लाल दिव्याला मात्र आल्टरनेटरचा दाब दोन्ही टोकांना सारखाच मिळत होता, म्हणून तो गप्प. हेडलाइटची वीज बॉडीतून परत जाते, म्हणून त्यांना बॅटरीवर जगावं लागलं आणि तेच आधी मंद झाले. इंजिनला आल्टरनेटर जवळून पुरवत राहिला. आणि चोकची मूठ? सेल्फ मारताना पट्टीतून वाट मिळाली नाही की वीज चोकच्या पोलादी तारेतून पळायची. ती तापणारच!

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोजून बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास, इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, लाल दिवा पेटायलाच हवा. नाही पेटला तर त्याचा बल्बच गेला असेल. ओढणी, सैल बाह्या आणि बोटं फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा काडी ओढून आत डोकावू नका. आणि इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग तपासणारे' काही मिस्त्री असतात, त्यांना नम्रपणे थांबवा. डायनामोच्या काळातली ती सवय आल्टरनेटरचे डायोड जाळू शकते.

नवी पट्टी बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नव्हती. काकांनी बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, पट्टी आवळली आणि जुनी माझ्या हातात ठेवली.

पुढच्या त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही पुन्हा रामटेकला गेलो. आजी यायला तयार नव्हती. मामाने तिला मीटर दाखवला तेव्हा कुठे बसली. परत येताना कन्हानच्या पुलावर तिने मागून विचारलं, "किती रे?"

"चौदा पॉइंट एक, आजी. आणि लाल दिवा विझलेला."

"त्या दिव्याचं मला सांगू नकोस," आजी म्हणाली.