निकेलची पिवळी झाक : जुन्या मोटारीचा अस्सलपणा कसा ओळखावा?

घरातल्या कपाटाला ‘ड्युको’ मारून घ्यायचा आहे, असे आपण सहज म्हणतो. हा शब्द सुताराच्या दुकानात आला कोठून? अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी एक नवा रंग बाजारात आणला. ड्युको हे त्याचे व्यापारी नाव. त्याआधी उंची मोटारीला घोडागाडीप्रमाणे तेलरंग आणि व्हार्निशचे हात द्यावे लागत. प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहण्यात आठवडे जात. ड्युको काही मिनिटांत सुकू लागे. मोटार मागे पडली, कंपनीचे नाव विस्मरणात गेले, पण शब्द मराठीत राहिला.

जुनी राजेशाही मोटार पुन्हा मूळ रूपात आणायची म्हणजे अशाच विसरलेल्या गोष्टींचा माग काढायचा. हे काम श्रीमंतांच्या हौसेचे, शाळेशी त्याचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण या कामात रसायनशास्त्र, विद्युत आणि इतिहास एकत्र येतात. म्हणून या लेखात आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

आपल्या भागाचा मोटारींशी संबंध जुना आहे. वाशीचा पूल १९७० च्या दशकात झाला. तोपर्यंत मुंबईहून पुण्याकडे निघालेली मोटार ठाण्यावरून जात असे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी सुमारे ६२० मैलांची मोटारींची चाचणी झाली. सहा घाट असलेला तो मार्ग रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीने पार केला आणि संस्थानिकांत तिचे नाव झाले. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता. पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळही तिचा कारखाना आला आणि १९९० च्या दशकात तेथून प्यूजो ३०९ मोटारी बाहेर पडल्या.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. वाहन ५० वर्षांहून जुने हवे आणि मूळ स्वरूपात हवे. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे ‘मूळ स्वरूप’ हा शब्द आता कायद्यात आला आहे. ते ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

चकाकीवरून काळ

१९२० च्या आसपासच्या मोटारीचे दिवे आणि कडा निळसर झळाळत असतील, तर जाणकार लगेच थबकतो. त्या काळात लोखंडावर आणि पितळेवर निकेलचा मुलामा देत. क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. निकेल निळ्या प्रकाशाचे परावर्तन तांबड्या-पिवळ्याच्या मानाने कमी करते, म्हणून त्याला किंचित पिवळी, ऊबदार झाक असते. क्रोमियममध्ये निळा प्रकाश असा कमी होत नाही, म्हणून ते थंड, निळसर दिसते. निकेल हवेत हळूहळू मंदावते आणि पुसत राहावे लागते, क्रोमियम तसेच राहते. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी क्रोमचा मोह होतो. मोटार चमकते, पण तिच्या वयाची खूण पुसली जाते.

मुलाम्याचे गणित वर्गात सहज करता येते. निकेलचा अणुभार ५८.७, संयुजा २. फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाह १ तास चालला तर सुमारे १.१ ग्रॅम निकेल साचते. आता १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठावर २५ मायक्रॉन जाडीचा थर द्यायचा आहे. आकारमान झाले ०.२५ घन सेंटिमीटर. निकेलची घनता ८.९, म्हणून वस्तुमान सुमारे २.२ ग्रॅम. यासाठी २ अँपिअर-तास लागतील. ४ अँपिअर प्रवाह ठेवला तर अर्धा तास. प्रत्यक्षात थोडी वीज वाया जाते, म्हणून वेळ किंचित वाढतो. सजावटीच्या क्रोमचा थर याहून फार पातळ, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आणि त्याच्या खालीही निकेलच असते!

रंग सुकतो की पिकतो?

रंग ‘वाळला’ असे आपण सरसकट म्हणतो, पण वाळण्याचे प्रकार वेगळे आहेत. ड्युकोसारख्या नायट्रोसेल्युलोज रंगातून फक्त द्रावक उडून जातो. म्हणून वाळलेला रंग थिनर लावताच पुन्हा विरघळतो. तेलरंग हवेतील ऑक्सिजन घेतो आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. तो परत विरघळत नाही. आजच्या गॅरेजमधील दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगात असे जाळे दुसऱ्या डब्यातील रसायनामुळे तयार होते. जुन्या मोटारीच्या एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा हळूच टेकवून पाहिला, की खालचा रंग कोणत्या जातीचा याचा पहिला अंदाज येतो.

नायट्रोसेल्युलोज रंग पावसाळ्यात मारू नये, हे आपले रंगारी अनुभवाने जाणतात. कारण सोपे आहे. द्रावक भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पत्रा थंड होतो आणि खाडीकाठच्या दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे साचते. रंग पांढुरका पडतो. यावर उपाय दोन : कोरड्या दिवसाची वाट पाहणे, किंवा सावकाश उडणारे द्रावक मिसळणे.

सांगाडा, लाकूड आणि कापड

त्या काळी उंची मोटारीचा सांगाडा आणि इंजिन एका कारखान्यात, तर वरची बांधणी दुसऱ्या कारागिराकडे होई. बांधणीत लाकडी चौकट आणि तिच्यावर ॲल्युमिनिअमचा पत्रा असे. ॲल्युमिनिअमला लोखंडी स्क्रू लावले आणि खारट ओल मिळाली, की तेथे एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनिअम झिजू लागते. वरून पत्रा ठाकठीक आणि आत भुगा, असे पाहायला मिळते. त्यावर लांबी भरून रंग मारणे म्हणजे रोग झाकणे होय.

चालकाची बैठक बहुधा चामड्याची असे, कारण ती उघड्यावर भिजे. मागे मालकासाठी लोकरी कापड असे. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेली आणि २००९ साली बंद पडलेली रेमंडची गिरणी आठवणाऱ्यांना लोकरीची परीक्षा ठाऊक असेल : लोकरीचा धागा जाळला की केस जळाल्याचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो.

किती दुरुस्त करावे?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचा आशय असा : शक्य तेवढे जपावे, लागेल तेवढेच बदलावे, बदललेल्या भागावर न मिटणारी पण डोळ्यांत न भरणारी खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. विझलेला मूळ रंग हा एक पुरावा असतो. तो एकदा खरवडला की परत मिळत नाही. नवी मोटार कितीही बनवता येतील; मूळ थर एकदाच असतो.

अस्सलपणाची किंमत मात्र कारागिराने देऊ नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावा. दोन डब्यांच्या रंगातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो. नाकावर रुमाल बांधून काही होत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. क्रोमच्या टाकीतील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. सल्फर डायऑक्साइडने आम्लयुक्त डायक्रोमेटचा नारिंगी रंग हिरवा होतो, हे आपण प्रयोगशाळेत दाखवतो. सांडपाणी शुद्ध करताना नेमके हेच करतात : षट्‌संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी करतात आणि चुना घालून ते खाली बसवतात. ही पायरी गाळली, तर अंबरनाथ-उल्हासनगरकडून कल्याणला येऊन उल्हास नदीला मिळणाऱ्या वालधुनीसारख्या नद्यांचे काय होते, ते या भागातील विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

वर्गासाठी तीन प्रयोग

१. नेलपॉलिश बहुधा नायट्रोसेल्युलोजचेच असते. काचपट्टीवर एक ठिपका त्याचा, एक तेलरंगाचा द्यावा. आठवड्याने दोन्हींवर ॲसिटोनचा बोळा टेकवावा. कोणता ठिपका लगेच विरघळतो? (जवळ ज्योत नसावी.)

२. तीन खिळे घ्यावेत : एक साधा, एकाला तांब्याची तार गुंडाळलेली, एकाला जस्ताची पट्टी. तिन्ही मिठाच्या पाण्यात ठेवून आठवडाभर नोंदी कराव्यात. कोणता सर्वांत जास्त गंजतो, कोणता वाचतो?

३. शाळेतील एखादे जुने बाक घ्यावे. झाकलेल्या जागी रंगाचे किती थर दिसतात ते भिंगातून मोजावे, रेखाटावे आणि वरून खाली क्रमांक द्यावेत. पुसण्यापूर्वी नोंद करण्याची सवय येथूनच लागते.

शेवटी विद्यार्थ्यांसमोर एक प्रश्न ठेवावा. डोंबिवलीतल्या एखाद्या इमारतीखाली १९७० ची फियाट उभी आहे. रंग उडाला आहे, पण तो कारखान्यातला आहे. तिला नवा झगझगीत रंग द्यावा की आहे तो जपावा? उत्तर एकच नाही. पण प्रत्येकाने आपल्या उत्तरामागचे कारण मात्र सांगितले पाहिजे.